पोलाद कीं पॉलिमर ?

कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत पिस्तुलाची चर्चा कशास, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या, विशेषतः वाचक-भगिनींच्या, मनांत उभा राहणें साहजिक आहे. त्यास आमचें उत्तर दोन प्रकारचें आहे. पहिलें असें कीं, दर वर्षीं खंडेनवमीस आपल्या घरीं शस्त्रांची पूजा होते. देव्हाऱ्यापुढें पणजोबांची जुनी गुप्ती असो कीं नुसता अडकित्ता असो, हळदकुंकू त्यास लागतेंच. ज्याची पूजा करावयाची त्याचे गुणदोष ठाऊक नसावेत, हें सुशिक्षितांस शोभत नाहीं. दुसरें उत्तर अधिक निकडीचें आहे. आज आपल्या अनेक एकत्र कुटुंबांची एखादी शाखा अमेरिकेंत नांदत आहे. त्या देशांत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ सालच्या घटनादुरुस्तीनें मान्य झालेला असून, पिस्तूल विकत घेणें ही तेथें नित्याची गोष्ट समजली जाते. आपलीं मुलेंबाळें तसल्या दुकानाच्या पायऱ्या चढलीं, तर त्यांच्यापुढें पहिले दोन प्रश्न येतात: सांगाडा पोलादाचा हवा कीं पॉलिमरचा, आणि कॅलिबर कोणतें? हा वाद तेथें कित्येक दशकें चालू आहे. आम्ही शस्त्रविक्रेते नव्हे आणि सैनिकही नव्हे; परंतु आयुष्यभर मुलांस गणित व संस्कृत शिकविल्यामुळें कोणत्याही वादांतील शब्दांचा अर्थ आधीं निश्चित करावा व मग आंकडे मांडावेत, ही संवय आम्हांस जडली आहे. तिच्याच आधारें हा विषय वाचकांपुढें ठेवीत आहों.

शब्दांचा अर्थ

आपल्या धनुर्वेदांत शस्त्रांचे वर्ग पाडतांना यंत्रानें सोडलेलें तें ‘यंत्रमुक्त’, हातानें फेकलेलें तें ‘पाणिमुक्त’ व हातांतून न सुटणारें तें ‘अमुक्त’ असे भेद केले आहेत. पिस्तूल हें यंत्रमुक्त खरें. परंतु लांब बंदुकीप्रमाणें त्यास खांद्याचा आधार नाहीं. गोळी यंत्रानें सुटते आणि तिचा सारा प्रतिघात हातानें व मनगटानें सोसावा लागतो. पुढील सर्व विवेचनाचें मूळ या एका गोष्टींत आहे.

पिस्तुलाचे मुख्य भाग तीन. एक नळी, दुसरा, नळीवर बसून मागें-पुढें सरकणारा जाड भाग, ज्यास ‘स्लाइड’ म्हणतात, आणि तिसरा, या दोहोंस धरून ठेवणारा मुठीसकटचा सांगाडा. दारूचा दाब नळींत उत्पन्न होतो, म्हणून पॉलिमरच्या म्हणविल्या जाणाऱ्या पिस्तुलांतही नळी व स्लाइड पोलादाचींच असतात. पॉलिमरचा असतो तो केवळ सांगाडा. हें पॉलिमर म्हणजे नायलॉनच्या जातीचें कणखर द्रव्य होय. आपल्या न्हाणीघरांतील बादलीच्या प्लास्टिकशीं त्याचें नातें आहे. पण दोहोंचें बळ एक नव्हे.

कॅलिबर म्हणजे नळीच्या पोकळीचा, पर्यायानें गोळीचा, व्यास. आपल्याकडील परवान्यांवर त्यास ‘बोअर’ म्हणतात. इंग्रज व अमेरिकन तो इंचांत मोजीत आले, युरोपांतील इतर राष्ट्रें मिलिमीटरांत. .४५ म्हणजे एका इंचाच्या शंभर भागांपैकीं पंचेचाळीस, अर्थात् ११.४३ मिलिमीटर. .४० म्हणजे १०.१६ मिलिमीटर, आणि .३२ म्हणजे सुमारें ८. ज्यावरून अमेरिकेंत मित्रामित्रांत कडाक्याचे वाद होतात, त्या .४५ व ९ मिलिमीटर यांच्या व्यासांतील अंतर मोहरीच्या एक-दोन दाण्यांहून अधिक नाहीं. वजनांत मात्र मोठा फरक आहे. .४५ ची नेहमींची गोळी सुमारें १५ ग्रॅम भरते, तर ९ मिलिमीटरची सुमारें ८ ग्रॅम. जड गोळी सावकाश जाते, हलकी वेगानें जाते.

पोलादाचें युग

अमेरिकेचें फिलिपाइन बेटांतील मोरो लोकांशीं युद्ध चाललें असतां तिच्या सैनिकांचीं .३८ व्यासाचीं रिव्हॉल्व्हरें अपुरीं पडलीं, अशी तक्रार झाली. तेव्हां १९०४ सालीं थॉम्सन व लागार्ड या दोन लष्करी अधिकाऱ्यांनीं शिकागो येथें प्रयोग केले. ते जनावरांवर व प्रेतांवर झालेले असल्यामुळें त्यांचें वर्णन येथें करीत नाहीं. त्यांचा निष्कर्ष असा कीं, सैनिकी पिस्तुलाचा व्यास .४५ पेक्षां कमी नसावा. त्यास अनुसरून जॉन मोझेस ब्राउनिंग या कल्पक कारागिरानें रचलेलें .४५ चें पिस्तूल १९११ सालीं अमेरिकन सैन्यानें स्वीकारलें. सालावरूनच तें ‘१९११’ या नांवानें प्रसिद्ध झालें. सर्वांगीं पोलादी, रिकामें असतां वजन सुमारें १,१०० ग्रॅम, गोळ्या सात. दोन महायुद्धांत तें वापरांत होतें, आणि १९८५ सालीं ९ मिलिमीटरचें बेरेटा पिस्तूल येईपर्यंत, म्हणजे ७४ वर्षें, त्यानें आपली जागा सोडली नाहीं. खासगी हातांत तें आजही आहे, व त्याचे चाहते त्याविषयीं वडिलोपार्जित दागिन्याविषयीं बोलावें तसें बोलतात.

पोलादाचे गुण उघड आहेत. तें झिजतें सावकाश, आणि झिजलेला भाग कारागीर नीट करूं शकतो. त्याच्या वजनामुळें पिस्तूल हातांत स्थिर राहतें. दोषही उघड आहेत. आपल्या कोकणांत पावसाळ्यांत विळीची जी दशा होते, ती घामेजलेल्या अंगाशीं दिवसभर वागविलेल्या पोलादी पिस्तुलाची होऊं शकते. तेलपाणी चुकलें कीं गंज आलाच. शिवाय दिवसभर किलोभर लोखंड कमरेस बांधून हिंडणें काय असतें, हें त्या त्या पोलीस शिपायासच ठाऊक.

पॉलिमरचा उदय

पॉलिमरच्या सांगाड्याचें पहिलें पिस्तूल पश्चिम जर्मनींतील हेक्लर अँड कोख या कारखान्यानें १९७० सालीं बाजारांत आणलें. परंतु त्याचा फारसा प्रसार झाला नाहीं. युगांतर झालें तें ऑस्ट्रियांत. व्हिएन्नाजवळील डॉइच-वाग्राम या गांवीं गास्टन ग्लॉक नांवाचे एक अभियंता होते. पडद्यांच्या दांड्या व सैन्यासाठीं सुऱ्या अशा वस्तू त्यांच्या कारखान्यांत होत असत. पिस्तूल त्यांनीं कधीं केलें नव्हतें. ऑस्ट्रियन सैन्यास नवें पिस्तूल हवें आहे हें कळल्यावर त्यांनीं जाणत्यांस बोलावून नेमकें काय हवें तें विचारलें, आणि पूर्वींच्या कोणत्याही नमुन्याचें ओझें डोक्यावर नसल्यामुळें सर्वस्वीं नवी रचना केली. १९८२ सालीं ती मान्य झाली. ‘ग्लॉक १७’ तें हेंच. रिकाम्या मॅगझीनसकट त्याचें वजन सुमारें ७०० ग्रॅम, गोळ्या सतरा. ग्लॉक हे २०२३ सालीं वारले, तोंवर जगांतील असंख्य पोलीस दलांनीं त्यांचें पिस्तूल स्वीकारलें होतें. आपल्या राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंजवळही तें आहे.

आरंभीं अमेरिकेंत मोठी ओरड झाली कीं, हें प्लास्टिकचें पिस्तूल विमानतळावरील यंत्रांस दिसणार नाहीं. ती निराधार होती, कारण वर सांगितल्याप्रमाणें त्याचा बहुतेक भार पोलादाचाच असतो. तरीही धातुशोधक यंत्रांस न सांपडणाऱ्या बंदुकांवर बंदी घालणारा कायदा तेथें १९८८ सालीं झालाच. पुढें २०१७ सालीं अमेरिकन सैन्यानें बेरेटाच्या जागीं सिग सावर कंपनीचें जें पिस्तूल निवडलें, त्याची मूठ पॉलिमरची आहे. एकेकाळीं .४५ पोलादाचा आग्रह धरणाऱ्या सैन्यानें ९ मिलिमीटर पॉलिमरपर्यंत मजल मारली.

पॉलिमर गंजत नाहीं, थंडींत हातास चटका देत नाहीं, सांच्यांत ओततां येत असल्यामुळें स्वस्त पडतें. परंतु तें हलकें आहे, आणि हा त्याचा गुणही आहे व दोषही. तो कसा, हें आतां आंकड्यांनीं पाहूं.

वजनाचें गणित

न्यूटनच्या नियमाप्रमाणें गोळीस पुढें जितका संवेग मिळतो तितकाच पिस्तुलास मागें मिळतो. ९ मिलिमीटरची ८ ग्रॅमची गोळी सेकंदास सुमारें ३५० मीटर वेगानें जाते, गुणाकार २.८ आला. .४५ ची १५ ग्रॅमची गोळी सेकंदास सुमारें २५५ मीटर जाते. गुणाकार सुमारें ३.८ आला. जळालेल्या दारूच्या वायूचा व भरलेल्या काडतुसांचा हिशेब सोपेपणासाठीं सोडून देऊं. आतां ९ मिलिमीटरची गोळी १,१०० ग्रॅमच्या पोलादी पिस्तुलांतून सुटली, तर तें पिस्तूल सेकंदास सुमारें अडीच मीटर वेगानें मागें येतें. ७०० ग्रॅमच्या पॉलिमरच्या पिस्तुलांतून सुटली, तर चार मीटर वेगानें. धक्क्याची ऊर्जा काढली तर पहिल्यांत सुमारें साडेतीन ज्यूल, दुसऱ्यांत सुमारें साडेपांच. म्हणजे गोळी तीच, पण हलक्या पिस्तुलाचा धक्का दीडपटीहून अधिक. .४५ ची गोळी पोलादी पिस्तुलांतून सुटल्यास साडेसहा ज्यूलांहून थोडी अधिक, आणि ७०० ग्रॅमच्या पिस्तुलांतून सुटल्यास दहाच्या वर.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. कमरेवरचें जें वजन आपण काढून टाकतों, तें गोळी सुटण्याच्या क्षणीं मनगटाकडून वसूल केलें जातें. बारीक मनगटाच्या माणसास हलकें पिस्तूल देणें ही पुष्कळ दुकानदारांची रीत आहे, आणि ती या गणिताच्या विरुद्ध आहे. त्यांतून आणखी एक अडचण उद्भवते. गोळी सुटल्यावर सांगाडा स्थिर राहिला तरच स्लाइड पुरती मागें सरकून पुढचें काडतूस आंत घेते. मनगट ढिलें असेल, तर हलका सांगाडाही स्लाइडबरोबर मागें येतो आणि यंत्र मध्येंच अडकतें. पोलादी सांगाडा स्वतःच्या जडपणामुळें ही चूक बरीचशी पोटांत घालतो.

कॅलिबरचा वाद

११ एप्रिल १९८६ रोजीं मायामी शहरांत अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपासखात्याचे आठ अधिकारी व दोन दरोडेखोर यांच्यांत चकमक झाली. दोन्ही दरोडेखोर मारले गेले. पण दोन अधिकारी ठार व पांच जखमी झाले. चौकशींत असें दिसलें कीं, चकमकीच्या आरंभींच एका दरोडेखोरास ९ मिलिमीटरची जी गोळी लागली, ती दंडांतून छातींत शिरून हृदयाच्या अलीकडेंच थांबली होती, आणि त्यानंतरही तो लढत राहिला होता. दोष गोळीवर आला. खात्यानें जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या मारून कसोटी ठरविली: गोळी किमान १२ इंच शिरावी, १८ हून फार पुढें जाऊं नये. मग १० मिलिमीटरचें जबर काडतूस आलें. त्याचा धक्का पुष्कळ अधिकाऱ्यांच्या हातांस झेपेना. म्हणून तें सौम्य करून, आंखूड करून, १९९० सालीं .४० चें काडतूस निघालें. अमेरिकेंतील बहुतेक पोलीस दलांनीं तें घेतलें.

परंतु पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गोळ्यांची घडण सुधारली. शरीरांत शिरल्यावर तोंड उमलणाऱ्या पोकळ अग्राच्या ९ मिलिमीटर गोळ्या त्याच कसोटीस उतरूं लागल्या. असल्या उमलणाऱ्या गोळीचें जुनें नांव ‘दमदम’. तें कलकत्त्याजवळच्या दमदम येथील लष्करी कारखान्यावरून पडलेलें आहे. १८९९ सालच्या हेग येथील जाहीरनाम्यानें ती युद्धांत वर्ज्य ठरली; पोलिसांस तें बंधन नाहीं. तपासखात्यानें नेमबाजीची तुलना केली तेव्हां दिसलें कीं, बहुतेक माणसें ९ मिलिमीटरनें अधिक अचूक व अधिक जलद नेम साधतात. अखेर २०१४ सालानंतर खातें पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळलें. तीस वर्षांच्या प्रदक्षिणेनंतर तें मूळ जागीं आलें. येतांना मात्र हें शिकून आलें कीं, न लागलेली मोठी गोळी लागलेल्या लहान गोळीपेक्षां निरुपयोगी. ९ मिलिमीटरच्या पक्षास आणखी एक बळ आहे. काडतूस बारीक असल्यामुळें त्याच मुठींत अधिक मावतात.

लहान गोळीस तुच्छ मानणारांनीं इतिहासही आठवावा. २८ जून १९१४ रोजीं साराजेव्हो येथें ऑस्ट्रियाचे युवराज व त्यांच्या पत्नी यांचा वध झाला, तो .३८० च्या, म्हणजे आंखूड ९ मिलिमीटरच्या, लहानशा पिस्तुलानें. दोघांस एक-एक गोळी लागली, आणि पहिलें महायुद्ध पेटलें.

आपल्या देशांतील स्थिति

भारतांत हा वाद सामान्य नागरिकापुरता कायद्यानेंच मिटविला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं ९ मिलिमीटर व .४५ हीं ‘निषिद्ध बोअर’ मानलीं जातात. सामान्य परवानेदारास मिळतें तें बहुधा.३२ चें रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास ठेवतां येणाऱ्या बंदुकांची संख्या तिनावरून दोनावर आली. सरकारी कारखान्यांतून निघणाऱ्या .३२ पिस्तुलास ‘अशनि’, म्हणजे वज्र, असें आपल्या भाषेंतलें नांव आहे. २०१४ च्या जानेवारींत कानपूरच्या कारखान्यानें स्त्रियांसाठीं म्हणून ‘निर्भीक’ नांवाचें .३२ चें रिव्हॉल्व्हर काढलें. त्यांत टायटॅनियमची मिश्रधातु वापरून वजन सुमारें ५०० ग्रॅमवर आणलें होतें, आणि किंमत होती १,२२,३६० रुपये. दिल्लींतील त्या अभागी मुलीच्या स्मृतीशीं नांव जोडलेलें होतें. हेतु चांगला, परंतु पर्समध्यें मावणारें हलकें शस्त्र हातास हलकें वाटतेंच असें नाहीं, हें वरील गणितावरून कळेल. सवा लाखाच्या त्या वस्तूपेक्षां तिच्यामागें लागणारा सराव अधिक महाग व अधिक आवश्यक आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशीं संबंध जुना आहे. पुण्याजवळ खडकी येथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. नवा संबंध २०२१ सालचा: पुण्याची संरक्षण-संशोधन संस्था व महूची पायदळ-शाळा यांनीं मिळून ९ मिलिमीटरचें एक स्वयंचलित पिस्तूल तयार केलें. त्याचा वरचा भाग विमानांत वापरतात तसल्या ॲल्युमिनियमचा व खालचा कार्बनतंतूंचा आहे. म्हणजे पोलाद व पॉलिमर यांच्या वादांत तिसरा व चौथाही पक्ष उभा राहिला. त्याचें नांव ‘अस्मि’. ‘मी आहें’ या अर्थाचें एकच क्रियापद शस्त्राचें नांव व्हावें, याचें आमच्यासारख्या संस्कृताच्या शिक्षकास कौतुक वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

घरांत किती हात आहेत ?

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें याच विषयावर आमचें मत पत्रानें विचारलें होतें. घरांत तो, पत्नी, वृद्ध आई व सहा वर्षांचा मुलगा. आम्ही त्यास जें लिहिलें त्याचा सारांश असा.

दिवसभर अंगावर वागवावयाचें असेल तर पॉलिमर बरें. घरांतच ठेवावयाचें असेल तर वजनाचा त्रास नाहीं, मग जड सांगाडाच बरा. कॅलिबर ९ मिलिमीटर पुरेसें आहे. त्याहून मोठें घेण्याचें कारण केवळ हौस. परंतु विकत घेण्यापूर्वीं, ज्यांच्या हातीं तें जाणार त्या दोघांनींही मैदानावर जाऊन प्रत्यक्ष चालवून पाहावें. पत्नीस स्लाइड मागें ओढतां येते काय, मूठ तिच्या पंज्यांत बसते काय, दहाव्या गोळीनंतर डोळे मिटतात काय, हें पाहावें. कोणत्याही जाहिरातीपेक्षां या परीक्षेचा निकाल खरा.

दुसरी गोष्ट खटक्यांची. जुन्या ‘१९११’ वर अंगठ्याजवळ एक खटका व मुठीच्या पाठीस एक कळ आहे. दोन्ही दाबल्यावांचून गोळी सुटत नाहीं. ग्लॉक व त्याच्या पंथांतील अनेक पिस्तुलांवर बाहेर असा वेगळा खटका नसतो. आंत अडसर असतात, पण चाप ओढतांच ते आपोआप दूर होतात. शिकलेल्या शिपायास हें सोईचें आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या कुतूहलासही तें तितकेंच सोईचें आहे. म्हणून कोणतेंही घेतलें तरी तें कुलुपांत, आणि काडतुसें वेगळ्या कुलुपांत. चोर आलाच तर किल्ली शोधण्यांत वेळ जाईल, असा आक्षेप यावर घेतात. त्यास उत्तर म्हणून आम्ही त्यास एक आंकडा कळविला. २०२१ सालीं अमेरिकेंत बंदुकीच्या गोळीनें ४८,८३० माणसें मेलीं. त्यांपैकीं २६,३२८ जणांनीं ती स्वतःवर झाडली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक. घरांत आणलेलें शस्त्र बाहेरच्या शत्रूची वाट पाहत असतें. घरांतल्या खिन्न माणसास मात्र तें रोज दिसत असतें. पिस्तूल एकाचें असलें, तरी घर चौघांचें आहे.

त्यानें पुढें काय घेतलें, कीं घेतलेंच नाहीं, हें आम्ही विचारलें नाहीं. तो त्याचा प्रश्न आहे.

ज्या वाचकांचीं मुलें-नातवंडें त्या देशांत आहेत, त्यांनीं हा विषय टाळूं नये. शस्त्र वाईट कीं चांगलें, या वादांत पडण्याचें कारण नाहीं. पुढच्या खेपेस दूरध्वनीवर बोलतांना सहज विचारावें: घरांत तसलें कांहीं आहे काय? असल्यास कोणाच्या हाताच्या मानानें निवडलें आहे? सराव कोणी केला आहे? किल्ली कोठें असते, आणि ती कोणाकोणास ठाऊक आहे? या चार प्रश्नांचीं उत्तरें नीट मिळालीं, तर सांगाडा पोलादाचा आहे कीं पॉलिमरचा, हा प्रश्न मागाहून विचारला तरी चालेल.